फक्त प्रश्न विचारले

संपादकांचा फोन आला. विषय त्यांनीच दिला: कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर लाइफ कोच कसा झाला. वर म्हणाले, "जगतापसाहेब, जरा प्रेरणादायी होऊ द्या. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास घरात येरझारा घातल्या. बायकोने विचारलं, "कुणावर एवढे चिडलाय?" म्हटलं, यादी मोठी आहे, पहिलं नाव माझं आहे.

तेव्हा प्रेरणा हवी असेल त्यांनी हा लेख सोडून पुढे जावं. मी रागात लिहितोय आणि राग निवळायची वाट बघणार नाही. नऊ वर्षं वाट बघून झाली.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठी बोईसरला आलो तो इथलाच झालो. तारापूरच्या एमआयडीसीत तीन कारखाने बदलले, तिन्ही केमिकलचे. शेवटच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. त्यानंतर सहा वर्षं बोईसर स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर माझी खोली होती आणि दारावर पाटी होती, 'लाइफ कोच'. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिथला मुलगा लोकांना वर पाठवताना सांगायचा, "ऊपर जाओ, टेन्शनवाले साहब बैठते हैं." ती पाटी गेल्या महिन्यात मी उतरवली.

कोच नक्की काय करतो, असं लोक विचारतात. कोच सल्ला देत नाही, प्रश्न विचारतो. तुम्हाला काय हवंय, आडवं काय येतंय, तुमच्या हातात काय आहे. उत्तर माणसाच्या आतच असतं आणि ते त्याच्याच तोंडून निघावं, अशी या धंद्याची श्रद्धा आहे. दुसऱ्याने सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं विसरत नाही. हे खरं आहे. किती खरं आहे ते पुढे सांगतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक लेबर कॉन्ट्रॅक्टर आला होता. त्याला माणसांसाठी 'मोटिव्हेशन' हवं होतं. म्हणाला, "सर, सोमवारी दिलं तर शनिवारपर्यंत टिकेल ना? की मध्ये बुधवारी परत द्यावं लागेल?" मला हसू आलं, पण तो गंभीर होता. तो निदान सरळ होता. दुसरा एक प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा चढवायच्या कारखान्याचा मालक. त्याने मला कामगारांपुढे 'कृतज्ञता' या विषयावर बोलायला नेलं. समोर चाळीस माणसं जमिनीवर बसलेली. ॲसिडच्या टाक्यांवर काम करणारी. हातांवर पांढरे चट्टे, हातमोजे फाटके. मालकाला हातमोजे आणायचे नव्हते, म्हणून मला आणलं होतं. आणि मी बोललो. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा म्हणून सांगितलं. हातमोज्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आज हे लिहिताना कान गरम होतात, त्या दिवशी मी टाळ्या घेऊन घरी आलो.

'आयुष्याची जबाबदारी स्वतः घ्या', हे आमच्या धंद्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. ऐकायला झकास. पण कोण कुणाला सांगतंय तेवढं बघत जा. ज्याच्या हातात सगळं असतं तो ज्याच्या हातात काहीच नाही त्याला हे सांगायला लागला, की समजा, खापर फोडायला डोकं शोधणं चाललंय. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तसलं पहिलं डोकं मीच शोधून दिलं होतं.

आधी सेफ्टीचा धंदा समजून घ्या. केमिकल कारखान्यात धोक्याचं कुठलंही काम कागदाशिवाय सुरू करायचं नसतं. त्या कागदाला परमिट म्हणतात. वेल्डिंगला परमिट, उंचावर चढायला परमिट. सगळ्यांत वाईट परमिट म्हणजे रिअॅक्टरच्या आत माणूस उतरवायचं. रिअॅक्टर म्हणजे एका खोलीएवढं बंद लोखंडी भांडं. वर माणूस जेमतेम मावेल एवढं भोक, ते मॅनहोल. एक माणूस आत उतरून साफसफाई करतो, दुसरा मॅनहोलपाशी उभा राहून त्याच्यावर लक्ष ठेवतो. आग लागू नये म्हणून या भांड्यात एरवी नायट्रोजन सोडलेला असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. आत तो भरलेला असेल तर दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि कोसळतोय हे त्याला कळतही नाही. म्हणून उतरण्याआधी सेफ्टी ऑफिसरने आत मीटर सोडून ऑक्सिजन मोजायचा, आकडा परमिटवर लिहायचा आणि सही करायची. साध्या हवेत ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ टक्के असतो. मीटरवर तेवढा आकडा दिसला तर आत जायला हरकत नाही.

आता आमची रीत सांगतो. प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या काढायच्या दिवसांत सकाळी आठ वाजता माझ्या केबिनबाहेर कॉन्ट्रॅक्टरांच्या माणसांची रांग लागायची. तीस-चाळीस परमिटं आणि सेफ्टी ऑफिसर मी एकटा. नऊला काम सुरू झालं नाही की प्लांट हेडचा फोन यायचा, "जगताप, तुमच्यामुळे प्लांट अडलाय." मग मी शहाणपणा काढला. आदल्या संध्याकाळीच परमिटचं पॅड घेऊन बसायचं, सह्या करून ठेवायच्या आणि ऑक्सिजनच्या रकान्यात २०.९ लिहून टाकायचं. सकाळी जमेल तिथे मीटर घेऊन जायचं. निम्म्या ठिकाणी जमायचं. उरलेल्या ठिकाणी नुसता कागद जायचा.

माझ्याआधीचे साहेबही असंच करायचे, शेजारच्या कारखान्यातही असंच चालायचं, हे सगळं सांगता येईल. चौकशीत मी ते मनातल्या मनात खूप वेळा सांगितलं. पण सही माझी होती, अक्षर माझं होतं आणि नाही म्हणायला माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं नव्हतं.

हरेश तामोरे दातिवऱ्याचा. घर मच्छीमाराचं, बापाची बोट. तो मात्र फिटर झाला आणि आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरमार्फत कामाला होता. बोलायला कमी, कामाला पक्का. त्याच्या जोडीला उत्तर प्रदेशातला भोला. दोघं वर्षानुवर्षं एकत्र काम करायचे, डबाही एकत्र खायचे. त्या दिवशी सकाळी हरेशने माझ्या हातून परमिट घेतलं. वेळ नऊ ते एक, ऑक्सिजन २०.९, खाली माझी सही. मॅनहोलचे गंजलेले बोल्ट काढण्यातच साडेबारा वाजले. दोघं जेवून आले. सव्वा वाजता भोलाने हेल्मेट घातलं आणि विचारलं, "कागज देख लिया ना भाई?" हरेश म्हणाला, "देख लिया. बीस पॉइंट नौ है." भोला आत उतरला आणि शिडीवरूनच खाली पडला. हरेश त्याला काढायला कमरेपर्यंत आत गेला होता. जवळच्या दोन कामगारांनी पाय धरून बाहेर ओढला म्हणून हरेश वाचला. भोला वाचला नाही.

नायट्रोजनची लाइन भांड्यापासून सोडवून वेगळी ठेवायला हवी होती. ती न सोडवता नुसता व्हॉल्व्ह बंद केला होता आणि व्हॉल्व्ह पासिंग होता, म्हणजे बंद असूनही गळत होता. सकाळी मॅनहोल उघडण्याआधी भांड्याच्या वरच्या बारीक तोंडातून मीटरची नळी आत सोडली असती तर सकाळीच कळलं असतं. मीटर माझ्या टेबलाच्या खणात होता.

चौकशीला तीन माणसं नेमली, त्यातला एक मी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्यातली गत. प्लांट हेडने मला बोलावलं. सकाळी मोजणी झाली होती का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. म्हणाले, "परमिट नऊ ते एक होतं. जेवणानंतर पुन्हा टेस्ट मागायची असते, नियम आहे. तुमचं त्या माणसांशी चांगलं आहे. हरेशशी बोला. दमदाटी नको. त्याचं त्याला समजलं पाहिजे."

असा नियम होता, खोटं नाही. परमिटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला. तो कुणी पाळलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता, पण होता.

दुसऱ्या दिवशी हरेश केबिनमध्ये आला. डोळे सुजलेले. मी दार लावलं, खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली आणि हळू आवाजात बोलायला लागलो. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"जेवायला किती वाजता गेलात?"

"साडेबाराला, सायेब."

"परत कधी आलात?"

"सव्वा वाजला असेल."

"पाऊण तासात आतली हवा तीच राहते का?"

"नाय राहत."

"मग माणूस आत पाठवण्याआधी काय करायला पाहिजे होतं?"

तो बराच वेळ गप्प बसला. मी घाई केली नाही. गप्प बसून समोरच्याला बोलायला लावायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं.

"परत टेस्ट मागायला पायजे होती," तो म्हणाला.

"कुणी मागायला पाहिजे होती?"

"मी."

मी म्हणालो, "हरेश, मी तुला दोष देत नाहीये. तू जे म्हणालास तेवढंच लिहितो." लिहिलं. त्याने सही केली. उठताना माझे हात धरून म्हणाला, "तुमी माझ्यावर वराडला नाय सायेब, तुमचे उपकार हाय." अहवालात 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, विश्रांतीनंतर पुनर्चाचणी न मागता प्रवेश. दुसऱ्या आठवड्यात हरेशचा गेटपास काढून घेतला गेला. त्यानंतर त्याला एमआयडीसीत कुणी घेतलं नाही आणि तोही मागायला गेला नाही.

मी त्याला एकदाही दोषी म्हटलं नाही. फक्त प्रश्न विचारले. सकाळी हवा चांगली होती, ती जेवणाच्या वेळात बिघडली आणि आपल्या आळसामुळे भोला गेला, हे त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःला सांगितलं. मी फक्त एक गोष्ट सांगितली नाही, की सकाळीही कुणी मोजलं नव्हतं.

प्लांट हेड खूश झाले. "जगताप, तुमच्यात कौन्सेलर आहे, तुम्ही इथे वाया जाताय," म्हणाले आणि कंपनीने मला तीन दिवसांच्या कोचिंगच्या शिबिराला लोणावळ्याला पाठवलं. तिथे टाय लावलेला एक माणूस फळ्यावर लिहून शिकवत होता: न्यायाधीश बनू नका, आवाज खाली ठेवा, खुर्ची बाजूला घ्या, प्रश्न विचारा, शांतता सहन करा. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मला सगळं येत होतं. शेवटच्या दिवशी मला सर्वांत चांगला विद्यार्थी ठरवून प्रमाणपत्र दिलं. पुढे दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून मी पाटी लावली. तर संपादकसाहेब, कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर लाइफ कोच झाला तो असा.

गेल्या महिन्यात एक बाई जिना चढून वर आली. हातात पिशवी, नेसणं कोळणीचं. म्हणाली, "मी रंजना. दातिवऱ्याच्या हरेशची बायको."

मला वाटलं, जाब विचारायला आली. मी खुर्चीत ताठ झालो. ती जाब विचारायला आली नव्हती.

"सासऱ्याचे डोळे गेले, सायेब. बोट यंदा किनाऱ्यालाच हाय. खलाशी तयार हाय, ते बोलतात हरेशच तांडेल पायजे. हा ऐकत नाय."

तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. कधी निघायचं, किती आत जायचं, आभाळ बघून कधी परतायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर जातात.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"बोलतो, माझ्या हाताखाली मानूस नको. मी मानूस मारलेला हाय. दारू पीत नाय, भांडत नाय. नुसता जाळी शिवत बसतो. पोरगीला घेऊन रस्ता ओलांडायचा तरी मला हाक मारतो. नऊ वरसं झाली." मग ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "तुमी तेवा त्याला समजावला होता ना? तो अजून बोलतो, जगताप सायेब देवमानूस, एक शब्द वाकडा बोलला नाय. तुमचं तो ऐकेल. परत एकदा समजवा."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुणावर काढणार? तिने पिशवीतून सुक्या बोंबलांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. मी ते परत दिलं आणि रविवारी येतो म्हणालो.

रविवारपर्यंत मी एक कागद लिहिला. कोचाच्या भाषेत नाही, परमिटवर लिहायचो तसा. त्या दिवशी मोजणी झाली नव्हती, आकडा मी आदल्या संध्याकाळी लिहिला, मीटर खणात होता, हरेश तामोरेचा जबाब मी वळवला. खाली सही. एक प्रत कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात दिली आणि पोच घेतली. पुढे माझं जे व्हायचं ते होईल. कुणी शाबासकी देऊ नये, शाबासकीचं हे काम नाही.

केळवे, एडवण करत दातिवऱ्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, दोन-तीन बायका ते उलटत होत्या. ओटीवर हरेश जाळं शिवत बसला होता. केस पिकलेले. मला बघून उभाच राहिला. "सायेब, तुमी? या, बसा." स्वतःची जागा झाडून मला दिली आणि रंजनाला हाक मारली.

मी बसलो, आणि बघा खोड कशी असते, माझ्या तोंडून निघालं, "हरेश, बोटीबद्दल तुला काय वाटतं?" आवाज तोच, खालचा. ऐकून मला माझीच किळस आली. मी थांबलो.

"हरेश, टेस्ट झालीच नव्हती."

"जेवनानंतर नाय झाली. मी मागितलीच नाय."

"सकाळी पण नाही."

त्याची सुई थांबली. "कागदावर होतं. मी वाचलेलं. भोलाला मी सांगितलं."

"मी आदल्या दिवशी बसून लिहिलं होतं. सगळ्या कागदांवर तेच लिहायचो. आत सकाळपासूनच नायट्रोजन होता. तू परत टेस्ट मागितली असतीस तर मी दुसऱ्या कागदावर तेच लिहून दिलं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मारेल. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "रंजनानं तुमाला बोलावलं ना? मी बोटीवर जावा म्हनून तुमी हे बोलता. तुमी लय चांगलं समजावता, सायेब. तेवा पन मला पटलेलं."

ज्या आवाजाने त्याला खोटं पटवलं होतं, त्याच आवाजाने मी खरं सांगायला गेलो होतो. मी कागद पुढे केला. त्याने तो बोट फिरवत वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. सहीपाशी बोट ठेवून बसून राहिला.

"भोलाच्या बायकोला मी दर साली त्या दिवशी फोन लावतो," तो म्हणाला. "माफी मागतो. ती बोलते, भैया, आपकी गलती नहीं थी. मी बोलतो, नाय, माझीच होती. दर साली."

मला भोलाचं गावही ठाऊक नव्हतं. त्याला बायको होती हे मला अहवालात लिहायला लागलं नव्हतं.

हरेशने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तिला सांगा. हिंदीत सांगा. आन प्रश्न नका इचारू."

पलीकडून आवाज आला, "हाँ हरेश भैया, सब ठीक?"

मी माझं नाव सांगितलं, त्या कारखान्यात काय होतो ते सांगितलं. मग राहिलेलं सांगितलं. मीटर, कागद, आकडा. हरेशने काय केलं नव्हतं आणि मी काय केलं होतं. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझं संपल्यावर म्हणाली, "आप अब बता रहे हैं?"

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

हरेशने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "भाभी, सुना आपने? मेरी गलती नहीं थी." मग एवढ्या मोठ्याने, की बोंबील उलटणाऱ्या बायका थांबल्या, "मेरी गलती नहीं थी, भाभी." पलीकडे ती रडत होती, फोनमधून मलाही ऐकू येत होतं.

रंजना आतून चहा घेऊन आली आणि कप माझ्यापुढे धरला. हरेशने फोन ठेवला.

"त्याला नको देऊ," तो म्हणाला.